मेलेल्या कोरलवरचा उजेड

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर मला राग येईल.

कारण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलेली आहे. आणि या गोष्टीचा शेवटचा तुकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

अमावास्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती. दिवेलागणीची वेळ होती. खाली पोरं सायकली फिरवत होती, शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या मारत होता. जागा म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली मागची खोली.

त्या खोलीत तिचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. तिथेच गेले.

आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. हात स्थिर, नजर बारीक, आणि जीभ दोन्हींपेक्षा धारदार. तिचे वडील, म्हणजे आप्पा, जन्मभर एका थिएटरात पिक्चरचं मशीन चालवायचे. माणूस काटेकोर. पडद्यावर उजेड बोटभर सरकला तरी त्यांना जेवण जायचं नाही.

म्हातारपणी त्यांनी एक नाद लावून घेतला. समुद्राच्या पाण्याची छोटी काचेची टाकी. आत खडक, खडकावर जिवंत कोरल, म्हणजे पोवळं, आणि एक नारिंगी मासा. टाकी जेमतेम ट्रंकेएवढी, पण नखरे राजवाड्याचे. पाण्यात मीठ किती, पाणी गरम किती, आणि सगळ्यात मोठा नखरा उजेडाचा. कोरल उजेडावर जगतं. कमी पडला तर उपाशी मरतं, जास्त झाला तर भाजून पांढरं पडतं.

मग आप्पांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात.

त्या डाव्या हाताच्या बोटाने ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठोकायचे.

टक… टक… टक…

म्हणजे टाकीवरचा दिवा नीट नाही. ताई हातातलं काम टाकून यायची. दिवा थोडा डावीकडे, थोडा वर, थोडा खाली. मनासारखा झाला की ठोकणं थांबायचं. कधी जेवताना, कधी अंघोळीला निघाली असताना. तिला त्या आवाजाची शिसारी आली होती, आणि ते ती कुणापासून लपवत नव्हती.

आप्पांना मुलगाही होता. ताईपेक्षा धाकटा, बोटीवर इलेक्ट्रिशियन. आप्पा त्याला 'राजा' म्हणायचे, म्हणून सगळं गाव त्याला राजा म्हणतं. ताईला ते 'अगं' म्हणायचे.

दोन वर्षांत राजा एकदाही आला नाही. बोटीवरून सूर्यास्ताचे फोटो पाठवायचा. ताई ते फोटो आप्पांच्या डोळ्यांसमोर धरायची, आणि आप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिनेच भरवलेला घास तोंडात तसाच ठेवून ते रडायचे.

आप्पा गेले तेव्हा राजा आला, सगळं उरकलं तसा निघाला. जाताना म्हणाला, "टाकी सांभाळ गं. पुढच्या सुट्टीत मी घेऊन जाईन."

ताईने मान डोलावली. राग गिळला. पण गिळलेला राग पोटात राहतो, पचत नाही.

तिने पहिलं काम केलं ते लोखंडी पलंग भंगारात देण्याचं. दांडीसकट.

खोलीत टाकी तेवढी उरली.

आणि काही आठवड्यांनी टाकीवरचा जुना दिवा बंद पडला.

ताईच्या नवऱ्याने सांगून पाहिलं की असू दे, मासा देऊन टाकू कुणाला तरी. पण टाकीत डाव्या खडकावर एक हिरवं कोरल होतं, ते ताईने स्वतः आणलेलं. पहिल्यांदा आणलं तेव्हा नखाएवढं होतं, आता ओंजळभर झालं होतं. दिवसा त्याची शेकडो बारीक तोंडं उघडायची आणि पाण्यात डोलायची. त्या घरात तिच्याकडे बघून फुलणारी तेवढी एकच वस्तू होती, असं ती म्हणायची.

उजव्या कोपऱ्यात राजाचं कोरल होतं. होतं म्हणजे, कधीच मेलं होतं. त्याने कुठल्याशा बंदरातून आणून दिलं आणि महिन्याभरात ते गेलं. नुसता पांढरा सांगाडा. पण आप्पांनी तो काढू दिला नव्हता.

ताईने नवा एलईडी दिवा आणला. टाकीच्या मागच्या काचेला पकड, पकडीतून वर जाणारा धातूचा हात, आणि हाताच्या टोकाला दिवा. दिवा विकणाऱ्या टँकवाल्याने तिला नीट समजावलं होतं. दिवा मधोमध हवा. पाण्यापासून कोपर ते मनगट एवढा वर. खाली आणलात तर एकाच जागी झोत पडेल आणि कोरल भाजेल. फार वर नेलात तर कोरल उपाशी आणि खोलीत उजेड. सुरुवातीला मंद ठेवा, निळा जास्त, पांढरा कमी, मग हळूहळू वाढवा. "झोत नको," तो म्हणाला, "छत्री धरल्यासारखा उजेड हवा. सगळ्यांवर सारखा."

सगळ्यांवर सारखा. ताई हसली म्हणे.

तिने हाताने मापून दिवा मधोमध बसवला. स्क्रू पिळून घट्ट केला. उभी राहून चारी बाजूंनी बघितलं. हिरवं कोरल फुललं होतं. सांगाडाही दिसत होता, पण बेताचा.

ती स्वयंपाकघरात गेली. दिवेलागण झाली होती.

कणीक मळता मळता तिचं लक्ष बाहेरच्या भिंतीकडे गेलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि दिव्याचा निळा उजेड त्या भिंतीवर पडला होता.

तो उजेड हलला…

सावकाश. कुणीतरी कंदील हातात घेऊन खोलीतून चालत जावं, तसा.

ताई कणकेच्या हातांनीच गेली. खोलीत कुणी नव्हतं. दिवा मात्र उजव्या कोपऱ्यात वळलेला, खाली झुकलेला. झोत बरोबर त्या पांढऱ्या सांगाड्यावर.

हिरवं कोरल अंधारात. त्याची सगळी तोंडं मिटलेली.

नवरा घरी आला तेव्हा तिने त्यालाच धरलं. तो बस डेपोत मेकॅनिक. म्हणाला, मी बसचे दिवे सरळ लावत नाही म्हणून साहेब ओरडतात, तुझ्या माशाचे दिवे कशाला वाकडे करू? ताईला हसू आलं नाही. स्क्रू सैल राहिला असेल, असं म्हणून तिने दिवा परत मधोमध आणला. नवऱ्याने डेपोतल्या हाताने स्क्रू पिळला. तो पिळल्यावर बसचं चाक सुटत नाही, दिवा काय सुटणार?

दुसऱ्या संध्याकाळी दिवा पुन्हा उजव्या कोपऱ्यात.

स्क्रू घट्टच होता.

या वेळी ताईने तो सैल केला, दिवा सरळ केला, पुन्हा घट्ट केला आणि तिथेच जमिनीवर बसली. बघतेच, म्हणाली.

टाकीतला पंप गुरगुरत होता. मासा इकडून तिकडे फिरत होता. खालून पोरांचा आवाज येत होता.

मग पोरांचा आवाज आला नाही.

पंप चालू होता, पाणी हलताना दिसत होतं… पण गुरगुर ऐकू येत नव्हती.

मासा मागच्या काचेला तोंड लावून थांबला. शेपटीसुद्धा हलवेना.

आणि मग…

टक… टक… टक…

लोखंडावर बोटाचं हाड आपटल्याचा आवाज. तिच्या पाठीमागून. जिथे पलंग होता तिथून.

तिथे आता नुसती फरशी होती.

इथे तुम्ही आम्ही पळालो असतो. ताईच्या अंगावरही काटा आला, ते ती नाकारत नाही. पण काटा खाली बसायच्या आत तिच्या डोक्यात तिडीक गेली. मेला तरी हा माणूस ठोकतोच आहे. आणि कशासाठी ठोकतोय? तर लाडक्याच्या मेलेल्या दगडासाठी. माझं जिवंत आहे ते गेलं तरी चालेल.

ती उठली. मागे वळून न बघता म्हणाली, "नाही हलवणार."

टक… टक… टक… टक…

"कितीही ठोका. नाही हलवणार."

आवाज थांबला. पंप पुन्हा गुरगुरायला लागला. आणि तिच्या डोळ्यांदेखत दिव्याचा तो धातूचा हात, स्क्रू जिथल्या तिथे, कुणीतरी अलगद दोन बोटांनी फिरवावा तसा उजवीकडे वळला…

आणि झुकला.

त्या दिवसापासून त्या घरात भांडण सुरू झालं. जिवंत लेकीचं आणि मेलेल्या बापाचं. ती दुकानातून आली की आधी दिवा सरळ करायची, मग चप्पल काढायची. दिवेलागणीला तो पुन्हा वळायचा. तिने तांब्याची तार आणली आणि दिव्याचा हात खिडकीच्या गजाला आवळून बांधला. दुसऱ्या दिवशी तार खाली फरशीवर. तुटलेली नाही. पीळ उलगडून, सरळ करून, नीट गुंडाळी करून ठेवलेली. तशी गुंडाळी आप्पा फिल्मची करायचे.

नवरा रडकुंडीला आला. म्हणाला, दिवा बंदच ठेव. तिने ठेवला. संध्याकाळी तो आपोआप लागला.

म्हणाला, टाकी आजच देऊन टाकू. ताई म्हणाली, "माझ्या घरात माझं कोरल अंधारात मारायचं आणि मी टाकी उचलून द्यायची? का? मी काय गुन्हा केला?"

हिरवं कोरल आकसत चाललं होतं. आधी रंग उतरला, मग टोकं गळायला लागली. ती सकाळी जाईपर्यंत उजेड द्यायची, पण ती घराबाहेर पडली की दिवा पुन्हा कोपऱ्यात, आणि सकाळचं दिलेलं हिरावलं जायचं. शेवटी एका सकाळी बघितलं तर एकही तोंड उघडलेलं नव्हतं. तिने बोट लावलं, तर बुळबुळीत साल हाताला आली.

त्या दिवशी ती दुकानात गेली नाही. राजाला फोन केला. तुझी टाकी घेऊन जा, एवढंच म्हणाली. त्याची बोट त्याच सुमारास बंदराला लागणार होती. आठवड्याच्या आत तो आला. गोरागोमटा, पोट सुटलेला, बहिणीसाठी चॉकलेटं घेऊन.

ताईने चॉकलेटं कट्ट्यावर ठेवली आणि त्याला थेट मागच्या खोलीत नेलं. उजेड अजून होता बाहेर. तिने दिवा सरळ केला आणि दाराला टेकून उभी राहिली. नवराही मागे येऊन थांबला. राजा विचारत होता की काय बघायचं आहे, तिने नुसतं टाकीकडे बोट दाखवलं.

पंपाचा आवाज बंद झाला…

टक… टक… टक…

राजाचा चेहरा कागदासारखा झाला. आप्पांचं ठोकणं त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं, तरी त्याला कळलं.

दिवा वळला. सांगाडा पांढराफटक उजळला.

राजा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला बोलावतायत, म्हणाला. माझी वाट बघत होते. आप्पा, मी आलो…

आणि ताईचा बांध फुटला.

"वाट बघत होते?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. नवरा सांगतो, चढला असता तर बरं झालं असतं. "आप्पा, दोन वर्षं तुमचं हागलं-मुतलं मी काढलं. कुशीवर मी वळवलं. पाठीच्या जखमा मी पुसल्या. तुम्ही ठोकलंत आणि मी आले. प्रत्येक वेळी आले. एकदा तरी माझ्यासाठी ठोकलंत? एकदा तरी मला जवळ बस म्हणून खुणावलंत? आता मेल्यावरही ह्याच्या दगडाला उजेड, आणि माझं जिवंत होतं ते मारलंत. दगडावर राहा आता. पण माझ्या घरात नाही."



मग दिवा हलला…

कोपऱ्यावरून उचलला गेला. धातूचा हात कुरकुरला. दिवा टाकीच्या बाहेर आला, वर आला, आणि फिरत फिरत दाराकडे वळला.

झोत ताईच्या तोंडावर पडला.

निळा नव्हता तो. पांढरा होता, पूर्ण. नवऱ्याने आणि राजाने डोळ्यांवर हात धरले. ताईने नाही धरले. ती त्या उजेडात तशीच उभी राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते रडण्याचं की उजेडाचं कुणास ठाऊक.

राजा खालून म्हणाला, "ताई… तुझ्याकडे बघतायत ते."

"आता?" ताई म्हणाली.

तिने पुढे होऊन प्लग उपटला.

दिवा गेला नाही. वायर तिच्या हातात लोंबत होती, आणि दिवा तिच्या तोंडावर तसाच जळत होता. तिने पाठ फिरवली. पूर्ण पाठ. तेव्हा मग तो मंदावत गेला. पिक्चर सुरू होण्याआधी थिएटरातले दिवे मालवतात, तसा.

राजाने त्याच रात्री टाकी हलवली. पाणी बादल्यांत, मासा डब्यात, खडक ओल्या फडक्यात. ताईने कशालाही हात लावला नाही. मेलेलं हिरवं कोरल तेवढं काढून घेतलं आणि कुठे नेलं ते कुणाला सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, टाकी गेली, सुटली बिचारी.

राजाच्या घरी टाकी उत्तम चालली आहे. दिवा तोच, पकड तीच. मधोमध बसवलाय, तसूभर हललेला नाही. नवी कोरलं आणली, ती फुलली. मीच त्याला एकदा विचारलं की त्या पांढऱ्या सांगाड्याचं काय केलं. म्हणाला, घाण दिसत होता, टाकून दिला.

टाकून दिला. आणि तिथे कुणी ठोकलं नाही.

हे मी ताईला सांगायला नको होतं. पण सांगितलं. तिच्या घरी गेले होते, संध्याकाळी, आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर बसलो होतो. तिने मागच्या खोलीला बाहेरून कडी घातलेली. आत काहीच नाही, म्हणाली, बल्बसुद्धा काढून घेतलाय. मला वाटलं, सांगाड्याचं ऐकून ती चिडेल. ती नुसती दाराकडे बघत राहिली.

बोलता बोलता माझीही नजर गेली.

बंद दाराच्या फटीखाली निळी रेघ होती…

मी आधी रस्त्यावरचा उजेड समजले. पण त्या खोलीची खिडकी तिच्या नवऱ्याने पत्र्याने बंद केलेली, ती मी खालून येतानाच बघितली होती.

रेघ जाड झाली. फरशीवरून बाहेर आली. झोतासारखी. सावकाश सरकत सरकत ताईच्या खुर्चीपाशी येऊन थांबली, अगदी तिच्या पायांच्या टोकाशी.

ताई उठली. खुर्ची उचलून खोलीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसली.

रेघ थोडा वेळ तिथेच होती. मग वळली. ती जिकडे बसली होती तिकडे.

कसंबसं म्हटलं, "ताई, एकदा दार उघडून विचार तरी, त्यांना काय हवंय."

"तू उघड," ती म्हणाली. "कडी वरची आहे."

मी उठले नाही. खोटं कशाला बोलू? मी खुर्चीची कड धरून बसले होते.

तिने पाय खुर्चीवर वर घेतले, मांडी घातली, आणि शेंगा सोलायला घेतल्या. खाली फरशीवर तो उजेड तिच्या खुर्चीभोवती फिरत होता. कुणीतरी अंधारात काहीतरी पडलेलं शोधावं, तसा.

"रोज येतो," ताई म्हणाली. "येऊ दे. दमेल तेव्हा थांबेल."

मी त्या घरून लवकर निघाले. जिन्यात वळून वर बघितलं नाही.

त्यानंतर माझी तिकडे जायची हिंमत झालेली नाही. फोन करते. काय चाललंय विचारलं की ती सांगते, सगळं ठीक. आणि मग मी विचारत नाही तरी सांगते…

"अजून दमले नाहीत."